एका बिल्ल्यावर दोन कोट

१

ब्रोच गेल्याचं कळलं तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळेच्या बाबतीत माझी चूक होणं अवघड आहे, कारण मी ज्या खिडकीत बसून तिकिटं फाडते ते संग्रहालय घड्याळांचं आहे. एकशे चाळीस घड्याळं. त्यातली निम्मी चालतात, आणि चालणाऱ्यांपैकी कोणत्याही दोघांचं आपसात पटत नाही. पण जिन्यासमोरचं उभं घड्याळ मी रोज सकाळी स्वतः लावते.

त्या घड्याळाखाली एक जोडपं निघायच्या तयारीत होतं. रुडॉल्फ व्होत्रुबा बायकोचा हिरवा कोट धरून मागे उभे होते आणि ड्राहोमीराबाई बाह्यांत हात घालत होत्या. दोघंही साठी ओलांडलेली, पार पश्चिमेकडच्या खेब गावची. तीन दिवस ओलोमोउत्स पाहून झालं होतं. आजचा शेवटचा दिवस, दुपारी दोन वीसची गाडी. कोट अंगावर आला तसा बाईंचा हात सवयीनं कॉलरकडे गेला आणि तिथेच थांबला.

"रुडा," त्या म्हणाल्या, "माझा ब्रोच नाही."

त्या ओरडल्या नाहीत. पाऊस थांबला, अशा सुरात म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरलेला मला खिडकीतून दिसला.

मी खिडकी सोडून पुढे आले. आमच्या कोटघराच्या फळीपलीकडे ओटिली उभी होती. येणाऱ्यांचे कोट घ्यायचे, खुंटीला लावायचे, आकड्याचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा आणि जाताना कोट परत द्यायचा, हे ती बावीस वर्षं करते आहे.

"कोटावर ब्रोच नव्हता," ती म्हणाली. "माझ्या हातात आला तेव्हाच नव्हता."

"होता की," मी म्हणाले. "मी पाहिला. लाल खड्यांचा, गोल."

बोलून गेले आणि जीभ चावली. ओटिलीनं माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात मी माझ्या बावीस वर्षांच्या मैत्रिणीला चोर ठरवून मोकळी झाले होते.

२

गडबड ऐकून उपसंचालक ब्राबेत्स खाली आले. वय चौतीस, बूट कायम नवे. कोटघर बंद करून त्या जागी किल्लीची लोखंडी कपाटं बसवायची, हे त्यांच्या डोक्यात दोन वर्षांपासून होतं. आड येत होती ती एकटी ओटिली, कारण निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या बाईला काढायचं तर काहीतरी कारण लागतं. ते कारण आज स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं.

"खालच्या मजल्यावर कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

फार कोणी नव्हतं. मार्च महिना, मंगळवार. हे जोडपं, ओटिली, मी आणि शेबेला. शेबेला जुन्या खिशातल्या घड्याळांचा व्यापारी, दर आठवड्याला येतो, काचेच्या कपाटांना नाक लावून उभा राहतो. आपणच त्या घड्याळांचे खरे मालक, जन्माच्या वेळी चुकून अदलाबदल झाली, असा त्याचा भाव असतो.

ब्राबेत्ससाहेबांनी सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले. मी केले. शेबेलानं कुरकुरत केले. ओटिलीचा शिवणाचा डबा फळीवर उपडा झाला. सुया, रिळं, पन्नासएक बटणं, एक अंगुस्तान. ब्रोच नाही.

"आमचेही बघा," रुडॉल्फ म्हणाले. "न्याय सगळ्यांना सारखा." आणि त्यांनी पँटचे खिसे अस्तरासकट बाहेर ओढून दाखवले. रुमाल, चष्मा, अर्धा पाव.

"पोलिसांना बोलवू या?" ब्राबेत्ससाहेबांनी ड्राहोमीराबाईंना विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. हे त्यांनी साहेबांकडे पाहून नाही, नवऱ्याकडे पाहून सांगितलं. "वस्तू गेलीय. त्यापायी माणसं नकोत जायला."

"कोट ओटिलीबाईंच्या ताब्यात असताना ब्रोच गेला, हे तर सरळ आहे." साहेब वर गेले आणि दहा मिनिटांत एक छापील कागद घेऊन उतरले. "निष्काळजीपणा झाल्याचं मान्य, स्वखुशीनं राजीनामा. एक वाजेपर्यंत सही करा, म्हणजे चोरी हा शब्द मी कुठेच लिहीत नाही."

"आठ महिने राहिलेत हो साहेब," ओटिली म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय, सही करा."

ओटिली रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त सांडलेली बटणं एकेक करून डब्यात भरायला घेतली.  मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि वर हाक मारली, "दोस्तालीकसाहेब! जरा खाली या. आणि धावत या!"

३

चेस्टमीर दोस्तालीक धावत येत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. ते दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टाकून बसतात आणि लोकांनी लंबकांना हात लावू नये एवढं बघतात. त्याआधी सत्तावीस वर्षं ते या शहराच्या ट्रामवर साध्या कपड्यांतले तिकीट तपासनीस होते. अर्धं गाव त्यांना ओळखतं, आणि त्यातलं पुन्हा अर्धं अजून त्यांना पाहून खिसा चाचपतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद वाचला आणि ब्राबेत्ससाहेबांना म्हणाले, "एक वाजेपर्यंत वेळ दिलाय ना? मग एक वाजेपर्यंत मला लोकांशी गप्पा मारू द्या."

"तुम्ही पहारेकरी आहात, दोस्तालीक."

"म्हणूनच. पहारा देताना चोरी झाली तर माझीही अब्रू जाते."

मग ते माझ्या खिडकीशी आले. "व्लास्ता, पहिल्यापासून सांग. तुझ्या सवयीप्रमाणे सांग, काही गाळू नकोस."

ही शाबासकी नव्हती, तरी मी सांगितलं. साडेदहाच्या सुमारास दोघं आली. बाईंच्या हिरव्या कोटावर ब्रोच होता, गार्नेटचा, मधे एक मोठा आणि भोवती बारीक खडे. मी म्हटलं, काय सुरेख आहे हो. बाई म्हणाल्या, आईचा आहे, पण टाचणी ढिली झालीय, इथे कोणी चांगला सोनार आहे का? मी म्हटलं, शेजारच्याच गल्लीत आहे, म्हातारा गार्नेटच्या कामातलाच आहे, भिंगातून नुसतं बघून कुठल्या साली घडवलाय ते सांगतो. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, मग इथून निघालो की तिकडेच जाऊ.

"आणि नवरा?"

"ते म्हणाले, जाऊ दे गं, घरी गेल्यावर करू. पुरुष म्हणतातच तसं."

"पुढे?"

"त्यांच्या हातात आपल्या इथल्या उग्र वासाच्या चीजचा पुडा होता. खालच्या बाजारातल्या मावशीचा, निळ्या दोऱ्यानं बांधलेला. मी म्हटलं, त्वारूश्की घेऊन खेबपर्यंत? डब्यातून उतरवून देतील तुम्हाला. तर बाई हसल्या. म्हणाल्या, त्याचा तो सांभाळेल, मी मेले तरी त्याला हात लावणार नाही. मग त्या नातवंडांसाठी पोस्टकार्डं निवडायला माझ्यापाशी थांबल्या. उकडतंय म्हणून कोट काढून नवऱ्याला दिला. ते दोन्ही कोट हातावर टाकून कोटघराकडे गेले. पोस्टकार्डं निवडण्यात पाच-सात मिनिटं सहज गेली. घुबडाच्या घड्याळाचं घ्यावं की कोंबड्याच्या, ठरेना."

"तुला वास आला?"

"कसला?"

"चीजचा, व्लास्ता. तुझं नाक तर असं आहे, की मी सकाळी कांदा खाल्लेला तुला दुसऱ्या मजल्यावरून कळतो."

मी आठवून पाहिलं. "नाही आला. मावशी तीन कागदांत बांधते. तिचा पुडा उशाशी घेऊन झोपलं तरी कळत नाही."

दोस्तालीकनी कोटघराकडे नजर टाकली. मग म्हणाले, "कोटघर तुझ्या खिडकीपासून किती पावलं?"

"पंधरा. पण मधे खांब आहे, मला दिसत नाही."

"खांबाच्या मागे काय आहे?"

"तुम्हाला माहीत नाही? पुरुषांचं स्वच्छतागृह."

४

ओटिली कोटघरात पाटावर बसली होती. कागद तिच्या मांडीवर होता. मीही दोस्तालीकांच्या मागोमाग गेले होते.

"ओटिलीबाई, त्यांनी कोट दिले तेव्हा पहिलं काय झालं?"

"पहिलं माझं डोकं फिरलं," ती म्हणाली. "दहा पावलांवरून वास! मी म्हटलं, अहो, तुमच्या खिशात मेलेलं काय आहे? तर त्वारूश्कीचा पुडा. म्हटलं, माझ्या कोटघरात हे चालायचं नाही, उद्या अख्ख्या गावाच्या कोटांना वास लागेल. पुडा घेतला आणि अंगणाकडच्या खिडकीबाहेर ठेवला. अजून तिथेच आहे."

"तेवढ्यात बाई आल्या?"

"मी बोलत असतानाच आल्या. मग कोट हातात घेतले, तर बाईंच्या कोटाला कॉलरच्या आतली, खुंटीला अडकवायची फीतच नाही. दोन्हीकडून उपटलेली, नुसती टोकं राहिलेली. मी काही बोलले नाही."

"तुम्ही? काही बोलला नाहीत?"

"थोडं बोलले."

हे मी खिडकीतून ऐकलं होतं. फितीशिवाय कोट आणणं हे ओटिलीच्या दृष्टीनं अनवाणी चर्चमध्ये येण्यासारखं आहे. आमच्याकडे पोराच्या कोटाला फीत नसली तर शाळेतून घरी चिठ्ठी जाते, तिथे मोठ्यांचं काय. कॉलर खुंटीवर टांगली की मान ताणली जाते, कोटाचं वाटोळं होतं, आणि लोकांच्या कोटाचं वाटोळं ओटिलीला बघवत नाही. म्हणून ती डबा घेऊन बसते आणि पाहुणे वर फिरून येईपर्यंत फीत शिवून ठेवते. कोणाकडून कधी काही घेत नाही. आज हीच सवय तिच्या मुळावर आली होती, कारण शेबेलानं तिला हिरवा कोट मांडीवर घेऊन, हातात सुई धरून बसलेलं पाहिलं होतं, आणि साहेबांना ते दोनदा सांगितलं होतं.

"शिवताना ब्रोच दिसला नाही?"

"असता तर काढून बाईंच्या हातात दिला नसता का? कोट पालथा घालून शिवते मी, फळीवरच्या काचेवर. टाचणीनं ओरखडा गेला असता."

"मग कोट लावलात कुठे?"

"नवऱ्याच्या कोटासोबत, एकाच खुंटीवर, एकच बिल्ला. नवरा-बायकोला दोन बिल्ले देत नाही मी. बावीस वर्षांत दिले नाहीत."

"आणि मधे तुम्ही जागा सोडलीत?"

ओटिलीनं मान खाली घातली. "चहाचं पाणी ठेवायला गेले होते. अकराच्या सुमारास. तीन मिनिटं. परत आले तर शेबेला आत होता, फळी उचलून. म्हणे, छत्री घ्यायला आलो."

साहेबांना हे तिनं सांगितलं नव्हतं. जागा सोडणं हीच मोठी चूक, ती कबूल केली तर सही करायलाही उसंत मिळाली नसती.

"फीत तेव्हा शिवून झाली होती?"

"केव्हाच. शिवून, कोट खुंटीला लावून, मगच गेले."

दोस्तालीकनी एक खुर्ची ओढली आणि शेबेलाला बोलावलं.

५

शेबेला आल्या आल्याच तापला. "माझ्याकडे लाखाची घड्याळं आहेत, मी म्हातारीचा ब्रोच चोरीन?"

"तुम्ही आत का गेलात?"

"छत्री हवी होती! बाहेर पाऊस लागला होता, मला विडी ओढायला जायचं होतं."

"पाऊस होता, व्लास्ता?"

"होता," मी म्हणाले. ते खरं होतं. शेबेला माझ्यासमोरून छत्री उघडतच बाहेर गेला होता. छत्री दारात उघडू नका असं मी ओरडलेही होते.

दोस्तालीकनी त्याला जाऊ दिलं. पण शेबेला गेला नाही. नाटक सुरू असताना कोण जातं.

मग जोडप्याची पाळी आली. ती दोघं उभ्या घड्याळाखालच्या बाकावर बसली होती, मधे एका माणसाची जागा सोडून.

"बाई," दोस्तालीक म्हणाले, "तुमच्या कोटाची फीत कशी तुटली?"

ड्राहोमीराबाईंनी वर पाहिलं. "मला वरून खाली येईपर्यंत माहीतच नव्हतं. ओटिलीबाई बोलत होत्या, पण मला वाटलं, चीजबद्दल बोलताहेत. फीत तुटणं शक्य नाही. इथे येण्याच्या आदल्या रविवारी मी ती नवी शिवली, दुहेरी दोऱ्यानं. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. नातीच्या वाढदिवसाच्या भेटीची होती."

"आता काळी आहे."

"ही शिवलेली काळी आहे, हो." त्यांनी कॉलर उलटून पाहिली आणि टाक्यांवरून बोट फिरवलं. "माझ्यापेक्षा सुबक शिवलीय."

"व्होत्रुबासाहेब, तुमच्या लक्षात आलं का, केव्हा तुटली?"

"मी कुठे बायकांच्या कोटांकडे बघतो?" रुडॉल्फ म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "माफ करा, पण आमची दोन वीसची गाडी आहे. हॉटेलातून सामान घ्यायचंय. त्या बाईंनी सही केली की विषय संपला, नाही का? आम्हाला कोणाकडून काही नको."

बाराला पाच मिनिटं होती. समोर साडेसहा फूट उंचीचं घड्याळ उभं होतं, भिंतीवर आणखी अकरा होती, आणि ते मनगट बघत होते. दोस्तालीकनी ते पाहिलं आणि मी दोस्तालीकना पाहताना पाहिलं. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, की बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर बघतो असं लोकांना वाटतं, पण ते खोटं. तो घड्याळ बघतो, पुढचा थांबा किती लांब आहे याचा हिशेब करत.

ते उठले, गुडघा चोळला आणि खांबामागे गेले. दार उघडल्याचा आवाज आला. त्याच वेळी वर बारा वाजायला सुरुवात झाली आणि सत्तर घड्याळांनी आपापल्या मर्जीप्रमाणे टोले दिले. त्या गोंगाटात मी पाहिलं, ओटिली उठून माझ्या खिडकीशी आली होती.

"व्लास्ता, पेन दे."

"एक वाजायला तास आहे अजून."

"तास काय करू बसून? दे. त्यांची गाडी तरी चुकायला नको."

मी पेन दिलं नाही. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

६

"ओटिलीबाई, टोपण लावा त्याला," दोस्तालीक खांबामागून आले तेव्हा म्हणाले. त्यांच्या तळहातावर एक चिंधी होती. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, दोन्ही टोकं फाटलेली.

ब्राबेत्ससाहेब जिन्यात थांबले. शेबेला पुढे सरकला.

"पुरुषांच्या स्वच्छतागृहात दारामागे एक खुंटी आहे," दोस्तालीक म्हणाले. "तिचं टोक वाकडं आहे. दुरुस्त करा म्हणून मी सहा वर्षं लिहून देतोय, साहेब. आज म्हणतो, बरं झालं केली नाहीत. ही फीत तिथे अडकलेली होती. म्हणजे बाईंचा कोट त्या खुंटीला लागला होता, आणि कोणीतरी तो घाईनं, दोन्ही हातांनी ओढून काढला."

"शेबेला!" ब्राबेत्ससाहेब म्हणाले. "चहाच्या वेळी आत शिरला तो!" म्हणजे तेही कान लावून होते.

"शेबेला अकराला आत गेला. तोवर ओटिलीबाईंनी नवी फीत शिवूनही टाकली होती. जुनी फीत कोट त्यांच्या हाती आला तेव्हाच नव्हती. कोट स्वच्छतागृहात गेला तो त्याआधी. व्लास्ताची खिडकी आणि कोटघर यांच्या मधे. पंधरा पावलांत. तेवढी पावलं तो एकाच माणसाच्या हातावर होता."

 बाकावरची मधली जागा रिकामीच होती.

"मी हात धुवायला गेलो होतो," रुडॉल्फ म्हणाले. "कोट कुठे ठेवणार? अडकवला. फीत तुटली. बायको रागावेल म्हणून बोललो नाही. हा काय गुन्हा आहे?"

"अजिबात नाही. दुसऱ्या कुठल्या देशाचा माणूस असता तर त्यानं कोट बेसिनवर टाकला असता, आणि मी अजून तुमच्यासमोर डोकं खाजवत बसलो असतो. पण आपण पडलो आपल्या आयांनी वाढवलेले. घाई असो, काही असो, कोट फितीनंच अडकवायचा." दोस्तालीक त्यांच्यासमोर उभे राहिले. आवाज चढवला नव्हता. ट्राममध्येही चढवत नसत म्हणे. "मला फितीचं काही नाही. मला चीजचं विचारायचंय. व्लास्ताच्या खिडकीशी पुड्याला वास नव्हता. ओटिलीबाईंना दहा पावलांवरून आला. तीन कागद आणि दोरा. मधल्या पाच मिनिटांत तुम्ही स्वच्छतागृहात उभे राहून त्वारूश्कीचा पुडा का सोडलात?"

रुडॉल्फनी पुन्हा मनगट पाहिलं. या वेळी त्यांना किती वाजले ते दिसलं असेल असं मला वाटत नाही.

"खिशात ठेवला असतात तर सापडला असता," दोस्तालीक म्हणाले. "आणि बाईंचे हात तुमच्या खिशात तुमच्यापेक्षा जास्त असतील. चाळीस वर्षांत असतातच. पण त्या पुड्याला त्या हात लावणार नाहीत, हे सगळ्या संग्रहालयानं ऐकलंय. ओटिलीबाई, अंगणाकडची खिडकी उघडता?"

७

ओटिलीनं पुडा फळीवर ठेवला. दोरा सोडला तसे ब्राबेत्ससाहेब तीन पायऱ्या वर गेले. पिवळ्या वाटोळ्या चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि वरून तिसरीच्या खाली, चिकटलेला, ब्रोच होता.

"गाडीत तुला कळेल असं वाटलं होतं," रुडॉल्फ बायकोला म्हणाले. "कुठेतरी पडला असेल, म्हणून तू सोडून दिलं असतंस. इथेच लक्षात येईल असं मला..." ते थांबले. "सोनार भिंगातून बघणार होता, ड्राहा. तो खरा नाही. काच आहे. कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात मी..."

"मला माहीत आहे."

ड्राहोमीराबाईंनी रुमालानं ब्रोच पुसला आणि आपल्या तळहातावर ठेवला.

"आईच्या ब्रोचला डावीकडून तिसऱ्या खड्याचा टवका उडालेला होता. लहानपणी मीच आपटला होता. एका सकाळी डबी उघडली तर सगळे खडे शाबूत. एकोणीस वर्षं झाली त्याला. तू रोज सकाळी डबा घेऊन कामावर जायचास, आणि काम नव्हतं, तेही मला माहीत होतं. मी विचारलं नाही. म्हटलं, सांगेल. या सहलीत मुद्दाम घातला मी तो. पहिल्या दिवशी म्हटलं, सांगेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं. आज शेवटचा दिवस, म्हणून सोनाराचं काढलं. टाचणी काही ढिली नाही."

"ड्राहा, मला लाज वाटत होती गं."

"काचेचं मला काही नाही रे, रुडा. काच मी एकोणीस वर्षं छातीवर मिरवली, आणि तुझ्यासाठी मिरवली." त्यांनी ओटिलीकडे बोट केलं. "पण ही बाई आत्ता आपली नोकरी लिहून देत होती. आठ महिने राहिले होते तिचे. माझा कोट शिवून दिला तिनं. आणि तू घड्याळ बघत होतास. मी तुझ्याकडे बघत होते, सारखी बघत होते, आता बोलेल, आता बोलेल."

रुडॉल्फ उठले. ते फळीपर्यंत गेले. "माफ करा, बाई," ते ओटिलीला म्हणाले. "मी सही होऊ दिली असती. खोटं कशाला बोलू. होऊ दिली असती."

 ओटिलीनं राजीनाम्याचा कागद उचलला, चीजच्या चकत्या त्यात नीट बांधल्या, वरून दोरा आवळला आणि पुडा त्यांच्या हातात दिला. "चौथा कागद घातलाय," ती म्हणाली. "आता वास नाही यायचा."

ब्राबेत्ससाहेब वर निघून गेले. दार जरा जोरात लागलं. शेबेला मला म्हणाला की त्याला पहिल्यापासूनच संशय होता, आणि मी त्याला छत्री बाहेर जाऊन उघडायला सांगितलं.

ड्राहोमीराबाईंनी अंगातला कोट काढला. आम्हाला वाटलं, उकडत असेल. पण त्यांनी तो घडी करून फळीवर ठेवला.

"मघाशी वरचा मजला नीट पाहिला नाही मी," त्या म्हणाल्या. "कोंबड्याचं घड्याळ तिथेच आहे ना? कोट ठेवून घ्या, ओटिलीबाई. आणि मला वेगळा बिल्ला द्या."

ओटिलीनं रुडॉल्फकडे पाहिलं, मग बाईंकडे. बावीस वर्षांत तिनं हे केलं नव्हतं. तिनं कोट नव्या काळ्या फितीनं खुंटीला लावला आणि सतरा नंबरचा बिल्ला बाईंच्या हातात दिला. त्या जिना चढून गेल्या. दोस्तालीक त्यांच्यामागून चढले, एकेक पायरी मोजत.

रुडॉल्फ बाकावर बसले. कोट मांडीवर, त्यावर पुडा. मनगटाकडे त्यांनी पाहिलं नाही. पाऊण वाजला, एक वाजला, सत्तर घड्याळांनी पुन्हा भांडून घेतलं. दोन वीसच्या गाडीचं नाव कोणी काढलं नाही. मी काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि आयुष्यात क्वचित करते ते केलं, परत मिटलं.

सव्वाला ओटिली फळीवर वाकली.

"अहो, इथे कोट मांडीवर घेऊन बसायची पद्धत नाही," ती म्हणाली. "द्या इकडे."

त्यांनी दिला. ओटिली कोट हातात धरून खुंट्यांसमोर थोडा वेळ उभी राहिली. सतराव्या खुंटीवर हिरव्या कोटाशेजारी भरपूर जागा होती. तिनं तो अठरावर लावला.